नादारीचा अर्ज आणि प्रामाणिक कर्जदार

मराठीत कर्ज होण्याविषयी जितके शब्द आहेत तितके कर्जातून सुटण्याविषयी नाहीत. माणूस कर्ज काढतो, कर्जात बुडतो, कर्जाखाली दबतो, शेवटी कर्जबाजारी होतो. सुटका मात्र एकाच क्रियापदाने होते : तो कर्ज फेडतो. ज्याला ते फेडणे शक्यच उरलेले नाही, त्याच्यासाठी लोकभाषेने दिवाळे हा शब्द राखून ठेवला आहे. दिवाळे निघते, दिवाळे वाजते. जुन्या काळी ज्या व्यापाऱ्याला देणी भागवणे अशक्य होई, तो भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून हा शब्द रूढ झाला, असे सांगितले जाते. उत्तर हिंदुस्थानच्या बाजारांत याच प्रसंगाला 'टाट उलटना' म्हणतात. बैठकीचे तरट उलटे झाले की पेढी संपली, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळे. दोन्ही संकेतांत एक गोष्ट समान आहे. ऋणकोने आपली असमर्थता लपवली नाही, ती रस्त्यावरून दिसेल अशी जाहीर केली.

कायद्याच्या मराठीत यासाठी दुसरा शब्द आहे : नादारी. नादार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही असा. महाराष्ट्रातील शाळांत गरीब विद्यार्थ्याला फी माफ होई, तिलाही नादारीच म्हणत. ती मिळवण्यासाठी पालक उत्पन्नाचा दाखला घेऊन मुख्याध्यापकांकडे जात आणि त्यात कोणाला फारसे कमीपणाचे वाटत नसे. तोच शब्द न्यायालयाच्या दारात उच्चारला गेला की त्याला कलंक चिकटतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा कलंक आणि त्यामागे झाकला गेलेला एक हक्क हा आहे. वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या कर्जापुढे हतबल झालेल्या प्रामाणिक माणसाने न्यायालयापुढे आपला सारा हिशेब मांडावा, जे आहे ते धनकोंच्या हवाली करावे आणि उरलेल्या देण्यातून मुक्त होऊन पुन्हा कामाला लागावे, ही नादारीच्या कायद्यामागील मूळ कल्पना होय. ती आपल्याकडे कितपत उतरली, हे पाहावयाचे आहे.

कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून एक उदाहरण घेऊ. जयपूरच्या पश्चिमेला वैशाली नगर ही मध्यमवर्गीय वस्ती आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेल्या तटबंदीच्या शहरात धनको आणि ऋणको एकाच बाजारात बसत. जोहरी बाजारातील सावकार आणि त्याचा कर्जदार एकमेकांची घरे ओळखत. वैशाली नगर ही अगदी अलीकडच्या काळातली वस्ती. गांधी पथ, क्वीन्स रोड, आम्रपाली सर्कल या भागात फिरताना बँकांच्या शाखा, दागिन्यांची दालने आणि सदनिकांच्या इमारती दिसतात. येथील कर्जदाराचा धनको बहुधा त्याने कधी पाहिलेला नसतो. त्याचे नाव मासिक विवरणपत्रावर असते आणि आवाज दूरध्वनीवर.

या वस्तीतील एक गृहस्थ मनात आणावा. तो कल्पित आहे, परंतु त्याच्यासारखे अनेक आहेत. छापील कापडाचे त्याचे छोटे दुकान आहे. सदनिकेसाठी गृहकर्ज आहे, दुकानासाठी खेळते भांडवल घेतलेले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि दुकान बंद पडले. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, परंतु व्याज थांबले नाही. हप्ते पुन्हा सुरू झाले तेव्हा गिऱ्हाईक पूर्वीइतके नव्हते. मग पत्नीचे दागिने तारण गेले, मेहुण्याला जामीन ठेवून वैयक्तिक कर्ज निघाले आणि घरखर्च क्रेडिट कार्डावर चालू लागला. एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डाने भरण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे दिवाळे वस्तुत: निघालेले होते. ते मान्य करायला त्याने आणखी चार वर्षे घेतली.

या चार वर्षांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. कार्डावरील थकबाकीला दरमहा शेकडा साडेतीन व्याज लागत असेल आणि माणसाने काहीच भरले नाही, तर चक्रवाढीने एक लाखाचे दोन लाख व्हायला जेमतेम वीस महिने लागतात. समजा, तो नेमाने किमान रक्कम भरतो आणि ती शेकडा पाच, म्हणजे पाच हजार रुपये आहे. त्यातील साडेतीन हजार व्याजात जातात, व्याजावरील १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ६३० रुपये होतात आणि मुद्दल कमी होते ते अवघे ८७० रुपयांनी. महिन्याकाठी पाच हजार भरणारा माणूस आपण कर्ज फेडीत आहो असे समजत असतो. प्रत्यक्षात तो जागच्या जागी चालत असतो.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने या धोक्याची दखल घेतली होती. दामदुपटीचा नियम सांगतो की, एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम ब्रिटिश अमदानीतही मान्य केला. पुढे १९१८ साली जाचक व्याजाच्या कर्जांविषयी कायदा झाला आणि अवाजवी व्याजाचा व्यवहार पुन्हा उघडून पाहण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. तथापि १९८४ साली बँकिंग विनियमन अधिनियमात २१-अ हे कलम घालण्यात आले. व्याजाचा दर जास्त आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा तपासता येणार नाही, असे हे कलम सांगते. सावकाराच्या व्याजाला मर्यादा घालणारी जी परंपरा होती, ती बँकेच्या दाराशी अशा रीतीने थांबली. म्हणूनच कर्जातून बाहेर पडण्याची वाट आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

ही वाट महाराष्ट्राला अपरिचित नाही. देहूच्या तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय आणि महाजनकी होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात घरची माणसे दगावली, व्यापार बसला आणि दिवाळे निघाले. पुढे तुकोबांनी कर्जरोख्यांची वाटणी केली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत बुडवले, अशी परंपरा आहे. नादार झालेल्या माणसानेच आपल्या ऋणकोंना मुक्त केले, हा त्या कथेतील मर्माचा भाग आहे.

परंतु सर्वच धनको असे नव्हते. ऋणकोच्या दारात उपाशी बसून धरणे धरायचे आणि तगादा लावायचा, ही वसुलीची रीत मराठी मुलखात सर्रास होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ खाली जे उदाहरण दिले होते, ते दारात धरणे धरून बसणाऱ्या माणसाचेच होते. समोरच्यावर दैवी कोप होईल अशी भीती घालणे हा गुन्हा ठरवावा लागला, यावरून त्या रीतीचा दरारा ध्यानात येतो.

इंग्रजी न्यायालये आली तेव्हा धरण्याची जागा हुकूमनाम्याने घेतली. दख्खनच्या शेतकऱ्याला हा बदल महागात पडला. सारा रोख भरावा लागे, त्यासाठी रोखा लिहून द्यावा लागे, आणि रोख्यावरून दावा झाला की एकतर्फी हुकूमनामा निघून जमीन जप्त होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला आणि त्यानंतर दंग्यांचे लोण पसरले. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने रोखे आणि हुकूमनामे यांवर होता. ते हाती आले की जाळले जात. कायद्याने सुटकेचे दार ठेवले नाही, म्हणून लोकांनी आपल्या परीने ते आगीतून काढले, असेच या घटनेचे वर्णन करावे लागेल.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करता येणार नाही, असे त्यात ठरले. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब तपासण्याचे काम न्यायाधीशावर सोपवले गेले. याच कायद्यात शेतकऱ्याच्या नादारीविषयी स्वतंत्र प्रकरण होते. खेड्यातील सामान्य माणसाला जवळच्या न्यायाधीशापुढे नादार म्हणून उभे राहता यावे, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

शहरांची कथा निराळी होती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील व्यापाऱ्यांसाठी १८४८ पासूनच नादारीचा कायदा होता. त्याची कसोटी मुंबईत १८६५ साली लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, शेअरांचा सट्टा माजला, आणि युद्ध संपताच १ जुलै १८६५ च्या हिशेबाच्या दिवशी सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा धनाढ्यही त्यात बुडाला आणि बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. प्रेमचंद पुन्हा व्यवसायात उभे राहिले. बुडालेला माणूस कायमचा संपत नाही, त्याला पुन्हा काम करू दिले तर तो आणि समाज दोघेही सावरतात, हा धडा त्या पडझडीत होता.

या अनुभवांतून पुढील कायदे घडले. १९०७ साली प्रांतांसाठी नादारीचा कायदा झाला, १९०९ साली तीन इलाखा शहरांसाठी स्वतंत्र अधिनियम आला आणि १९०७ च्या जागी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आला. मुंबईतील कर्जदाराचा अर्ज १९०९ च्या अधिनियमाप्रमाणे उच्च न्यायालयात जातो. इलाखा शहरांबाहेर १९२० च्या अधिनियमाची पद्धत चालते आणि अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातो. वैशाली नगरातील आपल्या गृहस्थाची वाटही या दुसऱ्या प्रकारची आहे.

या अर्जात काय असते? १९२० च्या अधिनियमानुसार ज्याची देणी पाचशे रुपये वा त्याहून अधिक आहेत, किंवा ज्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक झाली आहे, किंवा ज्याच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम कायम आहे, अशा ऋणकोला अर्ज करता येतो. आपण देणी फेडण्यास असमर्थ आहोत असे त्याने लिहून द्यावे लागते. प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम द्यावी लागते. आपली सर्व मालमत्ता, ती कोठे आहे आणि तिची किंमत काय, हे सांगून ती न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी दर्शवावी लागते. वह्या, खाती, पावत्या सादर कराव्या लागतात. थोडक्यात, वर्षानुवर्षे बायकोपासूनही लपवलेला हिशेब प्रथमच एका कागदावर येतो.

न्यायालयाची खात्री पटली की ते ऋणकोला नादार ठरवते. त्या क्षणापासून त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. कोणत्याही बिनतारणी धनकोला न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याच्यावर नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण मागता येते. रिसीव्हर मालमत्ता विकून येणारी रक्कम धनकोंमध्ये त्यांच्या देण्याच्या प्रमाणात वाटतो. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याला सर्वांत आधी मिळते, हा तगाद्याचा न्याय येथे संपतो.

मालमत्ता जाते याचा अर्थ माणूस रस्त्यावर येतो असा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने ज्या वस्तूंना जप्तीतून वगळले आहे, त्या त्याच्याकडेच राहतात. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुण-पांघरुण, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम आणि धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे अलंकार यांत येतात. मंगळसूत्र काढून न्यावे, असे कायदा म्हणत नाही. पगारदाराच्या बाबतीत सामान्य हुकूमनाम्यापायी पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश जप्त होऊ शकत नाहीत.

काही गोष्टी मात्र या अर्जाने साधत नाहीत आणि त्यांविषयी भ्रम नसावा. तारण घेतलेला धनको या प्रक्रियेच्या बाहेर असतो. गृहकर्ज देणारी बँक २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन पुढे सदनिकेचा ताबा घेऊ शकते, आणि त्याविरुद्ध दाद पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे मागावी लागते. जामीन राहिलेला मेहुणा मूळ ऋणकोच्या मुक्ततेने सुटत नाही. सरकारचे देणे, लबाडीने केलेले कर्ज आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी ही मुक्ततेनंतरही शिल्लक राहतात. न वटलेल्या धनादेशाचा खटला फौजदारी स्वरूपाचा असतो, नादारीची सबब त्याला पुरत नाही.

त्याहूनही गंभीर बाब लपवाछपवीची आहे. अर्जाची वेळ जवळ आली की माणसाला दोन मोह होतात. पहिला, दुकान किंवा भूखंड बायकोच्या वा भावाच्या नावे करून ठेवण्याचा. दुसरा, घरच्या माणसाचे उसने आधी फेडून टाकण्याचा. नादारीपूर्वीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्यावाचून केलेले हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला इतरांवर सरशी देण्यासाठी केलेली फेडही टिकत नाही. मालमत्ता दडवणे आणि खोट्या वह्या ठेवणे हे दंडनीय आहे. माणूस असमर्थ आहे एवढ्यासाठी कायदा त्याला दोष देत नाही. दोष लागतो तो अप्रामाणिकपणाला.

नादार ठरल्यानंतर दुसरे पाऊल उरते, आणि अनेकदा तेच विसरले जाते. न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत ऋणकोने मुक्ततेसाठी पुन्हा अर्ज करावयाचा असतो. तो केला नाही, तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो आणि सारा खटाटोप पाण्यात जातो. मुक्तता देताना न्यायालय विचारते की, धनकोंना रुपयास आठ आणे तरी मिळतील एवढी मालमत्ता आहे काय, आणि नसेल तर त्याला ऋणको स्वत: जबाबदार आहे काय. आजारपण, दुष्काळ, टाळेबंदी यांसारखी कारणे येथे मोलाची ठरतात. मुक्तता मिळेपर्यंत तो अविमुक्त नादार असतो. राज्यघटनेच्या १०२ व्या आणि १९१ व्या अनुच्छेदांप्रमाणे अशा व्यक्तीला संसदेचे किंवा विधानमंडळाचे सदस्य होता येत नाही, आणि पन्नास रुपयांहून अधिक उधार घेताना आपली स्थिती सांगणे त्याच्यावर बंधनकारक असते.

पन्नास रुपये, पाचशे रुपये, आठ आणे : या आकड्यांवरूनच कायद्याचे वय कळते. नादाराच्या नोकराला इतर धनकोंआधी द्यावयाच्या पगाराची मर्यादा १९२० च्या अधिनियमात वीस रुपये आहे. जो कायदा असे आकडे शंभर वर्षे बदलत नाही, तो वापरात नाही हे उघड आहे. तो जुनाट आहे म्हणून लोक त्याच्याकडे जात नाहीत, आणि लोक जात नाहीत म्हणून तो जुनाट राहिला.

हे चक्र मोडण्यासाठी २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता संमत झाली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्यासाठी तीन वाटा आखलेल्या आहेत. पहिली अगदी गरिबांसाठी 'नवा आरंभ' : वार्षिक उत्पन्न साठ हजारांहून, मालमत्ता वीस हजारांहून आणि पात्र देणी पस्तीस हजारांहून अधिक नसलेल्या, स्वत:चे घर नसलेल्या ऋणकोची देणी माफ होण्याची ही तरतूद आहे. दुसरी वाट फेडीच्या योजनेची. अर्ज दाखल होताच तगादे आणि दावे थांबतात, ऋणको आपल्या ऐपतीप्रमाणे हप्ते सुचवतो आणि मूल्याने तीनचतुर्थांशांहून अधिक धनकोंनी मान्य केल्यास योजना सर्वांवर बंधनकारक होते. तिसरी वाट दिवाळखोरीची, जिच्यात साधारणपणे एका वर्षात मुक्तता मिळते. वैशाली नगरातील गृहस्थाला पहिली वाट लागू पडली नसती. दुसरी मात्र जणू त्याच्यासाठीच आखली होती.

परंतु ती त्याच्यासाठी उघडलेली नाही. १ डिसेंबर २०१९ पासून या तरतुदी कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या अमलात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या अंमलबजावणीला आणि २०२३ मध्ये त्या तरतुदींच्या वैधतेला मान्यता दिली. कंपनीला हमी देणाऱ्या उद्योगपतीविषयी कायदा अशा रीतीने सिद्ध झाला. स्वत:च्या नावाने कर्ज काढणाऱ्या दुकानदाराला, शिक्षकाला, रिक्षाचालकाला मात्र १९२० च्याच दारातून जावे लागते. संसदेने मान्य केलेली सुटका सामान्य माणसाला अधिसूचनेअभावी मिळू नये, ही विसंगती दुरुस्त होणे अगत्याचे आहे.

इतर देशांनीही हा प्रवास एका दिवसात केलेला नाही. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ साली कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात ठेवले होते. इंग्लंडने १८६९ साली ही शिक्षा सर्वसाधारणपणे बंद केली आणि २००४ पासून तेथील दिवाळखोराला बहुतेक वेळा वर्षभरात मुक्तता मिळू लागली. आपल्याकडे दिवाणी तुरुंगाची तरतूद अजून आहे. तथापि १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की, केवळ देणे देता आले नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून टाळाटाळ केल्याचे सिद्ध व्हावे लागते. दारिद्र्य हा गुन्हा नाही, हे तत्त्व त्या निकालाने घटनेशी जोडले.

ऋण मुलांच्या माथी राहते, ही भीतीही तपासून घेतली पाहिजे. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या आधारावर हिंदू पुत्राकडून वसुली करता येई. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने नव्या कर्जांपुरता तो आधार काढून टाकला. वारशाने आलेली मालमत्ता बापाच्या देण्याला जबाबदार राहते, मुलाची स्वत:ची कमाई नाही. वसुलीच्या रीतीलाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला दूरध्वनी करू नये, त्याचा वा त्याच्या कुटुंबीयांचा अपमान करू नये. दारातले धरणे आता दूरध्वनीतून होत असले, तरी ते बेकायदा आहे हे ऋणकोला ठाऊक असले पाहिजे.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष व्यवहारी आहे. ज्या दिवशी एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढावे लागते, त्याच दिवशी वह्या उघडून घरच्यांना सांगावे, धनकोंशी लेखी बोलणे करावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. त्या दिवशी तडजोडीला वाव असतो, दागिने घरात असतात, मेहुण्याची सही झालेली नसते. चार वर्षांनी याच माणसाकडे वाटून देण्यासारखे काही उरत नाही आणि ज्यांनी विश्वासाने मदत केली तेही त्याच्याबरोबर बुडालेले असतात. लाजेपायी लांबवलेल्या दिवाळ्याची किंमत अखेर आप्तांना मोजावी लागते.

समाजाचीही यात जबाबदारी आहे. मुलाच्या फीची नादारी मागणाऱ्या बापाला शाळेने कधी हाकलले नाही. शिक्षण थांबू नये, हे सर्वांच्याच हिताचे आहे असे मानले गेले. कर्जाने थकलेल्या माणसाचे काम थांबू नये, हेही तितकेच सर्वांच्या हिताचे आहे. ज्याने सर्व काही न्यायालयापुढे ठेवले आहे, त्याला दुकानाची फळी पुन्हा उघडू देणे ही धनकोंवर कृपा मागण्याची बाब नव्हे. पुढच्या वर्षी तोच माणूस कर भरणार आहे, माल घेणार आहे, कोणाला तरी पगार देणार आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांनी जी सुटका रोखे जाळून शोधली, ती साध्या अर्जाने, वेळेवर आणि मान खाली न घालता मिळेल अशी व्यवस्था उभी करणे, हे आजच्या कायद्याचे राहिलेले काम आहे.